अंगभर सूत, हलकी पिशवी

एप्रिलच्या दुपारी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहिले, तर रानात धसकटे वेचणाऱ्या बाया दिसतात. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाला बटण लावलेले. डोक्यावरून कपाळ आणि कान झाकत दस्ती किंवा जुन्या साडीचा तुकडा घट्ट बांधलेला. सदरा बहुधा नवऱ्याचा नाहीतर मुलाचा, धुऊन धुऊन विरळ झालेला, खांद्यावर उन्हाने रंग उडालेला. बसच्या आत मात्र सुट्टीला निघालेली मंडळी अर्ध्या बाह्यांत, घट्ट टी-शर्टात आणि जाड जीन्समध्ये घामेजलेली असतात आणि पायाशी चेन तुटेपर्यंत भरलेली बॅग असते. ज्यांना सबंध दिवस उन्हात काढायचा आहे त्यांनी अंग झाकले आहे, आणि ज्यांच्या डोक्यावर बसचे छप्पर आहे त्यांनी उघडे टाकले आहे. माझे म्हणणे असे की, आपल्याकडच्या उन्हाळी प्रवासाचे शहाणपण त्या रानातल्या सदऱ्याकडे आहे, आणि ते एकदा पटले की पिशवी हलकी करायला वेगळा खटाटोप करावा लागत नाही.

याचे कारण मराठवाड्याच्या हवेत आहे. कोकणात पारा ३४ वर असला तरी माणूस निथळतो, कारण तिथली हवा आधीच ओलीने भरलेली असते आणि घाम सुकायला तिच्यात जागा नसते. नांदेडला मे महिन्यात ४२-४३ अंश नेहमीचेच. लातूर बालाघाटच्या पठारावर असल्यामुळे तिथला पारा थोडा खाली. पण दोन्हीकडे दुपारची हवा कोरडीठाक, आर्द्रता कित्येकदा २५ टक्क्यांच्याही खाली गेलेली. माणसाच्या कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगावर घेतलेला बरा वाटतो. हवा ४२ अंशांची असेल तर तोच वारा अंगात उष्णता ओततो. मग शरीराकडे घामाशिवाय दुसरा उपाय उरत नाही. एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, मात्र तो अंगाशी सुकला पाहिजे. ओघळून गेलेला घाम फुकट जातो. सैल सुती सदरा इथे दोन कामे करतो. ऊन आणि झळ बाहेर अडवतो, आणि आलेला घाम टिपून घेऊन कोरड्या हवेला सुकवायला देतो. म्हणून पूर्ण बाह्या. यात शालीनतेचा प्रश्न कुठेही नाही, पुरुषांनाही तोच नियम लागू आहे, आणि डोक्यावर छत्री धरायला संकोचणाऱ्या पुरुषांना तर अधिकच.

यावर कुणी म्हणेल, मग पांढरेच घालावे. पांढरे चांगले, पण रंगाला आपण फार महत्त्व देतो. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया गडद हिरव्या, जांभळ्या इरकल लुगड्यांत जन्मभर उन्हाळे काढत आल्या, त्या काही अडाणीपणाने नव्हे. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात, याचा शोध काही संशोधकांनी घेतला आणि १९८० साली तो ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. काळा झगा पांढऱ्याहून जास्त तापतो हे खरे, पण सैल झग्याच्या आत हवा खेळत असल्याने ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते आणि अंगाला लागणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. तेव्हा रंगाआधी सैलपणा पाहावा. सदऱ्याच्या बगलेत शिंपी चौकोनी तुकडा घालतो, तो एवढासा तुकडा हात वर केला की कापड अंगाला ओढू देत नाही. बसमध्ये दांडी धरून उभे राहणाऱ्याला त्याची किंमत कळते. आजच्या तयार शर्टांतून तो नाहीसा झाला आहे आणि त्याची चुटपुट लागावी इतका तो उपयोगाचा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळाडूंचे पॉलिस्टरचे कपडे सुतीपेक्षा हलके असतात, लवकर वाळतात, चुरगळत नाहीत. मग सुतीचा हट्ट कशाला? धावणाऱ्याला ते कपडे ठीक आहेत. रेक्झिनच्या सीटला पाठ टेकून चार तास बसणाऱ्याचे गणित निराळे. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल बाळगतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे बाजारातला स्वस्त, घट्ट विणीचा पॉलिस्टर शर्ट घाम टिपत नाही, पाठीला चिकटून राहतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला असा वास लागतो की दुसऱ्या दिवशी तो घालवत नाही. म्हणजे दर दिवसाला एक शर्ट, आणि बॅग फुगायला सुरुवात. गावोगावच्या पुढाऱ्यांचे पांढरेशुभ्र टेरिकॉट पाहून हेवा वाटतो खरा, पण त्या कडक इस्त्रीखाली अंगाचे काय होत असेल याची मला काळजीच वाटते. सुती चुरगळते हे मान्य. न पिळता, दोन्ही खांदे धरून झटकून दोरीवर टाकले तर बऱ्याच सुरकुत्या जातात, उरतील त्या उन्हाळ्यात माफ असाव्यात. आणि हे कापड आपल्याला परकेही नाही. नांदेड एकेकाळी तलम मलमलीसाठी नावाजलेले होते, पुढे तिथे उस्मानशाही मिल उभी राहिली, तिथल्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड-४४’ वाण दूरदूरच्या शेतांत गेले. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे तिरंगे तयार होतात. ज्या भागातल्या मागांवर ध्वजाचे कापड विणले जाते, त्या भागाने मे महिन्यात पॉलिस्टरमध्ये घुसमटावे, याचे वाईट वाटते.

मे महिन्यात लातूरच्या रस्त्यांवर नीटच्या परीक्षेला निघालेली मुले दिसतात. त्यांना नियमानेच अर्ध्या बाह्या आणि चपला. परीक्षेचा नियम पाळावाच लागतो. पण केंद्राच्या फाटकापर्यंतचा प्रवास उन्हातलाच असतो, आणि तेवढ्यासाठी आईबापांनी खांद्यावर टाकायला एखादी सुती ओढणी किंवा उपरणे बरोबर ठेवायला काहीच हरकत नाही.

आता पिशवी. जी कोरडी हवा दिवसभर छळते, तीच रात्री परतफेड करते. संध्याकाळी धुतलेला मलमलीचा सदरा जेवणे आटपेपर्यंत वाळतो, पायजमा झोपायच्या आधी. एकदा हे लक्षात आले की चार दिवसांना चार जोड हा हिशेबच कोसळतो. एक अंगावर, एक पिशवीत, एवढ्यात आठवडाही निघतो. जुन्या प्रवाशाच्या पडशीत याहून जास्त नसे, आणि जे असे त्यातले निम्मे न शिवलेले असे. धोतराचे पान रात्री अंथरूण, पहाटेच्या गारव्यात पांघरूण, अंघोळीनंतर अंग पुसायला. उपरणे दुपारी डोक्याला, बाजारात फळे बांधायला. बाईच्या जुन्या लुगड्याची झाडाच्या फांदीला झोळी झाली की लेकरू झोपले. शिवलेल्या कपड्याला एकच काम ठरवून दिलेले असते, न शिवलेल्या कापडाला वेळ येईल ते काम सांगता येते. आजच्या प्रवाशाने धोतर नेसावे असे मी म्हणत नाही, पण एक लांबरुंद सुती कापड पिशवीत असले तर टॉवेल, चादर, स्कार्फ आणि उशीची खोळ अशा चार वस्तू घरी ठेवता येतात.

तरी बॅग भरतेच. मला वाटते ती हवेच्या भीतीने कमी आणि लोकांच्या भीतीने जास्त भरते. आपल्याकडे उन्हाळ्याचा प्रवास म्हणजे बहुतेक वेळा लग्नसराई, आणि हळदीची साडी, लग्नाची साडी, परतताना नेसायची साडी, प्रत्येकीवर वेगळा ब्लाउज, ही यादी एकट्या बाईच्या हौसेने होत नाही, तिच्यावर नजर ठेवून असलेल्या दोन्हीकडच्या गोतावळ्याने होते. तेव्हा तिला साधेपणाचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. लग्नाची साडी जरूर न्यावी, ती मांडवात नेसावी, वाटेत सुती असावे. पण बाकीची बॅग भरताना एक गोष्ट कुणी हिशेबात धरत नाही. मराठवाड्यातल्या लग्नातून माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. टॉवेल-टोपी, शर्टपीस, साडी, ब्लाउजपीस, मानापानाचा आहेर घेऊनच तो निघतो. जाताना ठासून भरलेल्या बॅगेबरोबर येताना दोन कॅरीबॅग जोडल्या जातात, आणि मग एसटीत बॅग मांडीवर, कॅरीबॅग पायाशी आणि लेकरू त्या दोन्हींच्या वर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, त्या हक्काने प्रवास करू लागल्या, गर्दीही तशीच वाढली. अशा गर्दीत एका हाताने पेलेल इतकीच पिशवी असणे म्हणजे दुसरा हात लेकरासाठी मोकळा असणे.

सगळ्यांत अवघड प्रश्न पाण्याचा आहे. रोज धुवा म्हणणे सोपे, पण धुवायचे कशाने? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली. अशा गावात पाहुण्याने यजमानाच्या बादल्या कपड्यांवर ओतणे शोभत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मोडून काढू शकत नाही. एवढे सांगता येईल की, जीन्सला बादलीभर लागते तिथे मलमलीला तांब्या-दोन तांबे पुरतात. जुनी माणसे पंचा नेसून अंघोळ करत आणि त्याच पाण्यात तो पिळून टाकत. जिथे तेवढेही जमणार नाही तिथे घामट सदरा उलटा करून तासभर कडक उन्हात टाकला तरी दुसऱ्या दिवशी चालून जातो. आणि टँकरवर जगणाऱ्या गावी जायचे असेल तर तिसरा जोड खुशाल घ्यावा, त्याने पिशवी फार जड होत नाही. बाकी वाचलेली जागा पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्यांना द्यावी, एक आपल्यासाठी आणि एक शेजारच्या सीटवरच्यासाठी. त्यांना ओली दस्ती गुंडाळून खिडकीशी ठेवावे, त्याच झळांनी पाणी गार राहते.