दुर्बिणीतला धागा

चष्मा, छत्री आणि जावई या तीन गोष्टी निवडताना माणसाला सल्ल्याची कधी वाण पडत नाही. गेल्या वर्षी मी त्यांत चौथ्या वस्तूची भर घातली. ती म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण. या विषयातले आमच्या पेठेत कोणालाच काही कळत नव्हते. त्यामुळे सल्ले अधिकच ठाम होते. शेजारचे वकीलसाहेब म्हणाले, “घ्यायचीच तर मोठी घ्या.” आमचे मेहुणे म्हणाले, “घेऊच नका.” आणि आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “ठेवणार कुठे?”

रायफल या शब्दाने वाचकांनी दचकू नये. परवाना रीतसर आहे आणि रायफल आहे पॉइंट टू-टू. ज्याने एन. सी. सी. त दोन वर्षे काढली त्याच्या खांद्याला तिची ओळख असतेच. तिचे काडतूस इंचभर लांबीचे आणि गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या दुमडीत भरलेला असतो, म्हणून त्याला रिमफायर म्हणायचे. अमेरिकेत १८८७ साली निघालेले हे काडतूस आजही जगभर चालते. शिकारीचा प्रश्न १९७२ च्या कायद्याने मिटवून टाकला आहे. माझे वैर आहे ते फक्त कागदाशी. पन्नास मीटरांवर एक कागद टांगलेला असतो. त्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा. त्या बटणाला भोक पाडण्यासाठी मी गेली कित्येक वर्षे रविवारी सकाळी गावाबाहेरच्या रेंजवर जात आलो आहे. आता कॉलेजात जाणारी आमची धाकटी कन्याही बरोबर असते. फरक एवढाच की, मी हौसेने जातो आणि ती स्पर्धेसाठी जाते.

आता या निरुपद्रवी छंदात दुर्बीण कशाला हवी? तर डोळ्यांसाठी. साध्या रायफलीवर नेम धरताना तीन वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात : मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य. खाच हातभर अंतरावर, माशी तिच्याहून पुढे आणि लक्ष्य तर पन्नास मीटरांवर. वास्तविक डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्वच्छ दिसते. पण तरुण डोळा मोठा चपळ. तो तिन्हींवरून इतक्या झपाट्याने उड्या मारतो की, तिन्ही एकदमच दिसतात असे वाटावे. पन्नाशी उलटली की डोळ्यातले भिंग ताठर होते. मग खाच म्हणजे धुके, माशी म्हणजे काळा ठिपका आणि लक्ष्य तेवढे स्पष्ट, असा प्रकार होतो. त्यात डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात असल्याचे सांगितले. “घाई नाही, पण लक्ष ठेवा,” म्हणाले. लक्ष ठेवण्यासाठी जो डोळा लागतो, त्याच्याविषयीच ते बोलत होते!

तेव्हा दोनच वाटा होत्या. रायफल आणि परवाना दोन्ही सोडून द्यावे, किंवा दुर्बीण घ्यावी.

एका संध्याकाळी चिवड्याच्या बशीभोवती यावर चर्चा झाली. वकीलसाहेब म्हणाले, “अहो, तो आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे! पॅरिसला पदक मिळवले त्याने. त्याच्या रायफलीला केवढी दुर्बीण असेल!”

“काका, नव्हतीच,” कन्या म्हणाली.

वकीलसाहेब खटला हरल्यासारखे पाहू लागले. पण ते खरेच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या तरुणाने १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, ते साध्या डोळ्यांनी. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिचला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्याही तशाच. या स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण बसवायला नियमानेच बंदी आहे. मागे एक बारीक छिद्र, पुढे एक कडे, आणि कड्यात लक्ष्याचा काळा गोल नीट मधोमध बसवायचा. बारीक छिद्रातून पाहिले की दूरचे आणि जवळचे दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. चष्मा हरवलेला माणूस मुठीच्या फटीतून वर्तमानपत्र वाचतो तसेच हे. दुर्बीण असते ती जमिनीवर, तिवईवर उभी. तिच्यातून वारा आणि उन्हाची तिरीप पाहायची.

“म्हणजे तुझ्या बाबांनी रायफलीवर दुर्बीण बसवली तर ती लबाडी?” वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली.

“स्पर्धेत लबाडी. रविवारी सकाळी नाही,” कन्येने निकाल दिला.

पुढच्या महिन्यात तिची पुण्याला बालेवाडीत स्पर्धा होती. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून आम्ही गेलो, आणि दुसऱ्या दिवशी एका दुकानात शिरलो. दुकानदाराने गादीवर साड्या उलगडाव्यात तशा दुर्बिणी मांडल्या. प्रत्येकीवर आकडे कोरलेले. एकीवर ४×३२, दुसरीवर ३-९×४०, आणि सर्वांत ऐटदार होती तिच्यावर ६-२४×५०. पहिला आकडा वस्तू कितीपट मोठी दिसेल तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. जिथे दोन आकड्यांमध्ये रेघ आहे, तिथे कडे फिरवून मोठेपणा कमीजास्त करता येतो.

चोवीसपटीचा मोह कोणाला होणार नाही? मी ती टेबलावर टेकवून रस्त्यापलीकडच्या पाटीकडे पाहिले. अक्षरे अंगावर धावून आली. मग कन्या म्हणाली, “आता हातात धरून पाहा, बाबा.” हातात धरली, आणि ती पाटी गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखी वरखाली झुलू लागली. पाटी कशाची झुलणार! तो माझ्याच छातीचा ठोका होता. दुर्बीण लक्ष्य चोवीसपट करते तसा हाताचा कंपही चोवीसपट करून दाखवते. नळीचे टोक केसाच्या जाडीइतके हलले तरी पन्नास मीटरांवर गोळी चारपाच मिलिमीटर सरकते, हे मला पूर्वीपासून माहीत होते. पण ते डोळ्यांनी सतत पाहत राहिलो तर चाप ओढायचा धीरच होणार नाही. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारणाऱ्याला चोवीसपट कामाची. झोपून किंवा बसून हातांवर पेलणाऱ्याला सहा ते नऊपट पुष्कळ झाली.

शिवाय आमचे सोलापूर! एप्रिलात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. सकाळी नऊ वाजले की जमिनीवरून हवा उकळल्यासारखी वर चढू लागते. जितकी दुर्बीण मोठी तितके ते मृगजळ मोठे. लक्ष्याचा काळा गोल कढईतल्या भज्यासारखा तडतडताना पाहायला एवढे पैसे कशाला मोजायचे?

पुढच्या भिंगाच्या आकाराचेही असेच आहे. व्यासाला पटीने भागले म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ४×३२ मध्ये तो आठ मिलिमीटर, नऊपटीला चाळीसच्या भिंगात साडेचारच्या आत, आणि चोवीसपटीला पन्नासच्या भिंगात जेमतेम दोन. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरच उघडते. म्हणजे दिवसाउजेडी कागदावर नेम धरणाऱ्याला गंगाळाएवढ्या भिंगाची गरज नाही. जाड नळीमुळेही उजेड वाढत नाही. तिच्यात नेम वरखाली करायला जागा जास्त मिळते, इतकेच.

हे झाले किरकोळ. खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती समजायला मला माझ्या वडिलांची आठवण उपयोगी पडली. वडील गिरणीत कापड तपासण्याच्या खात्यात होते. त्यांच्या खिशात एक घडीचे पितळी भिंग असे. ते कापडावर ठेवायचे आणि इंचात किती धागे आहेत ते मोजायचे. मी लहानपणी म्हणायचो, “याहून मोठे भिंग का नाही घेत?” ते म्हणायचे, “मला धागा मोठा बघायचा नाही, मोजायचा आहे.” दुर्बिणीचेही तेच. तिचे मुख्य काम लक्ष्य मोठे करण्याचे नाहीच मुळी.

इंग्लंडात १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक तरुण ज्योतिर्विद होता. त्याच्या उघड्या राहिलेल्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ताणला. गॅस्कॉइनने डोळा लावला, तर आकाशातली वस्तू आणि कोळ्याचा धागा दोन्ही सारखेच स्वच्छ! कारण तो धागा नेमका तिथे पडला होता, जिथे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा उभी करते. आज रायफलीच्या दुर्बिणीत जी बारीक फुली दिसते ती या कोळ्याची देणगी. पुढे बरीच वर्षे अशी फुली करायला खरोखरच कोळ्याचा धागा वापरीत. आता ती काचेवर कोरतात. कापसाच्या धाग्यावर वाढलेल्या आम्हां सोलापूरकरांना ही हकिकत विशेष प्रिय वाटावी.

माझ्या दुखण्यावर औषध होते ते हेच. खाच नाही, माशी नाही, तीन अंतरांवर उड्या नाहीत. लक्ष्य आणि फुली एकाच पातळीवर. म्हाताऱ्या डोळ्याने एकाच ठिकाणी पाहायचे.

मात्र ती दोन्ही खरोखर एका पातळीवर हवीत. नसतील तर डोळा किंचित हलवला की फुली लक्ष्यावरून सरकते. रिक्षातल्या मागच्या बाकावरून वेगाचा काटा पाहिला तर चालकाला दिसतो त्याहून वेगळाच आकडा दिसतो, तसा हा प्रकार. शास्त्रात याला लंबन म्हणतात, दुकानात पॅरॅलॅक्स. मोठ्या रायफलींच्या पुष्कळ दुर्बिणी शंभर यार्डांना जुळवून पक्क्या केलेल्या असतात. पन्नास मीटरांवर त्यांच्यात हा दोष दिसू लागतो. रिमफायरसाठी खास केलेल्या दुर्बिणी पन्नास-साठ यार्डांना जुळवलेल्या असतात, किंवा पुढचे कडे फिरवून अंतर जुळवता येते. पारखायची रीत सोपी आहे. दुर्बीण टेबलावर पक्की ठेवा, फुली एका ठिपक्यावर आणा आणि हात न लावता डोळा डावीउजवीकडे हलवा. फुली ठिपक्यावरून हलली नाही तर वस्तू घेण्याजोगी.

मग प्रश्न आला चकत्यांचा. नेम वरखाली आणि डावाउजवा करायला दोन चकत्या असतात. फिरवल्या की टक्टक् आवाज होतो. दुकानदार म्हणाला, “यात मिलचा हिशेब आहे.” सोलापूरकराला मिल म्हटले की भोंगा आठवतो, ते भोंगे आता थांबले. ही मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. तिचाही दहावा भाग म्हणजे एक टक्. शंभर मीटरांवर एका टकेला गोळी एक सेंटिमीटर सरकते, पन्नासवर अर्धा. आमची गोळी सावकाश चालणारी. पन्नास मीटरांना जुळवलेली रायफल शंभरावर बरीच खाली मारते. म्हणून चकतीचा आकडा विश्वासाचा हवा.

त्याची परीक्षा रेंजवर होते. एकाच ठिपक्यावर नेम धरायचा. दोनतीन गोळ्या मारल्यावर वीस टक् वर, मग वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, आणि प्रत्येक कोपऱ्यात गोळ्या. कागदावर चौकोन उमटतो. शेवटच्या गोळ्या पहिल्या भोकापाशी परत आल्या पाहिजेत. आमच्याकडे संक्रांतीला नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करून परततात, तशी ही दुर्बिणीची प्रदक्षिणा. जी मूळ जागी परतत नाही तिची ऐट काय कामाची?

दुकानात एवढे सगळे कळले, आणि तरीही मी खिशात हात घालीना. कन्येला दर हंगामाला काडतुसे लागतात. चांगली, एकाच घाण्यातली, सारखी चालणारी. रिमफायरची गंमत अशी की, दुर्बीण कितीही उंची असो, काडतूस असमान असेल तर भोके पांगतातच. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, “हे पैसे तुझ्या काडतुसांना राहू देत. माझे नेम मारून झाले. मी आपला येऊन बाकावर बसत जाईन.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसते बाकावर बसून माझे गुण मोजणार असाल, तर मला नाही आवडायचं.”

मी पाहतच राहिलो. हा हिशेब माझ्या ध्यानात कधी आला नव्हता. मी शेजारच्या पट्ट्यावर पालथा पडून माझ्या कागदाशी झगडत असतो तोवर आम्ही दोघे नेमबाज असतो. मी बाकावर गेलो की ती परीक्षार्थी आणि मी बाप.

शेवटी आम्ही मधली घेतली, ३-९×४०, पुढच्या कड्यावर अंतर जुळवता येणारी. ऐटदार दुर्बिणीत आणि हिच्यात किमतीचा जो फरक होता त्याची काडतुसे आली. कन्येची त्यावर हरकत नव्हती. रायफलीच्या खोबणीत कडी घट्ट बसवण्याचे काम तिनेच केले, डोळ्यापासूनचे अंतर मोजून, फुली सरळ उभी आहे की नाही ते ओळंबा टांगून पाहिले. प्रदक्षिणेची परीक्षा झाली. चौकोन बरा उमटला, नि शेवटच्या गोळ्या पहिलीच्या शेजारी येऊन बसल्या.

मोतीबिंदू त्याच्या गतीने वाढतो आहे. केव्हातरी शस्त्रक्रिया होईल, डोळ्यात नवे भिंग बसेल. त्याच्या निवडीतही सल्लागारांची उणीव पडणार नाही. वकीलसाहेबांनी आतापासूनच सांगून ठेवले आहे की, घ्यायचेच तर मोठे घ्या.