रुजू होणे आणि रुजणे

नोकरीवर रुजू झालेला माणूस तिथे रुजतोच असे नाही. कानाला जुळे वाटणारे हे शब्द सख्खे नाहीत. ‘रुजू’ मूळचा अरबी, तिथला त्याचा अर्थ परतणे, वळणे. ‘रुजणे’ आपल्या मातीतले. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नवागतांना पहिले काही महिने सोबत करणे हा माझ्या कामाचा भाग आहे. (त्याचे अधिकृत नाव ‘बडी’. ते ऐकताना बडीशेप आठवते, त्याला इलाज नाही.)

ओळखपत्र, संगणक, पासवर्ड, रजेचे नियम, सारे यथासांग होते. येथे ‘सर’, ‘मॅडम’ नाही, सर्वांना नावानेच हाक मारा, असेही अभिमानाने सांगितले जाते. इंग्रजीत ते निभते. एकच ‘यू’ सर्वांना पुरतो. पण परभणीहून आलेल्या मुलीने पन्नाशीच्या मॅनेजरशी मराठीत कसे बोलावे? ‘तू’ जिभेवर येत नाही आणि ‘तुम्ही’ म्हणताना नियम मोडल्यासारखे वाटते. मग ही मुले जी पळवाट काढतात ती व्याकरणाच्या अभ्यासकांनी पाहावी अशी असते. ‘हे आज पाठवायचे का?’ ‘चहा घ्यायचा का?’ कर्ता गायब! त्या मुलीने असे पाच आठवडे काढले. गंमत इथवरच. ज्याला हाक मारता येत नाही, त्याला अडचणही सांगता येत नाही. एका परवानगीवाचून तिचे काम नऊ दिवस अडून राहिले आणि आढाव्यात तिच्या नावापुढे ‘पुढाकार कमी’ असा शेरा पडला. प्रोबेशनमध्ये तो महाग पडतो.

मेलव्हिलच्या १८५३ सालच्या ‘बार्टलबी’ कथेतला वकील नव्या लेखनिकाला हिरव्या पडद्याआड बसवतो: दिसू नये, पण हाकेच्या अंतरावर असावा. वर्गात चर्चा होते ती बार्टलबीच्या नकाराची. मला हल्ली ती बैठकव्यवस्थाच अधिक बोलकी वाटते. हाक एकाच बाजूने जाते. आमच्याकडे पडदे नाहीत, एवढाच फरक.

शेऱ्यावरून मी वाद घातला. तो काढला गेला. आता पासवर्डच्याही आधी मी नवागताला विचारते, कोणाला काय म्हणणे तुला सोपे जाईल? त्या मुलीने पुढच्या सोमवारी मॅनेजरच्या टेबलापाशी जाऊन, नावाला ‘सर’ जोडून, चार शंका विचारल्या.