चाचांचं देणं

मला जी काही फोटोग्राफी येते, ती भिवंडीतल्या एका स्टुडिओवाल्या चाचांमुळे. नाव छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून इथेही नुसतं चाचाच म्हणतो. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम यांवर त्यांचं घर चालायचं.

माझे वडील लूमच्या कारखान्यात मेहताजी होते. मागांच्या खडखडाटात मी मोठा झालो, पण मागाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. नोकरी लागल्यावर, २०१० च्या सुमारास, डीएसएलआर घ्यायचं मनात आलं. माझं ज्ञान मेगापिक्सेलपुरतं होतं. कॅनन ५००डीमध्ये पंधरा, निकॉन डी९०मध्ये बारा, म्हणजे कॅननच चांगला, हा माझा हिशेब. त्यावर चाचांनी मान डोलवावी म्हणून त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी मेगापिक्सेलची चौकशीच केली नाही. ‘‘फोटो कशाचे काढणार?’’ एवढंच विचारलं. मी वज्रेश्वरी, लोनाडची लेणी, पावसाळ्यातले डोंगर अशी यादी सांगितली.

‘‘तिथं वर्षातून कितीदा जाशील? रोज डोळ्यासमोर काय असतं ते सांग.’’

मला उत्तर सुचेना. मग तेच मला वडिलांच्या कारखान्यात घेऊन गेले. दुपार होती, तरी आत ट्यूबलाइट लागलेल्या. चाचांनी तिथेच मला उजेड शिकवला. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पुढे ओढली की तिचं तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतं. एफ १.८ ची साधी ५० मिमी लेन्स त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. ट्रायपॉडचा इथे उपयोग नाही, कारण माग चालू असताना फरशीच थरथरते. चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असते, म्हणून शटर १/१०० च्या वर नेलं की एक फोटो पिवळट येतो, दुसरा काळपट. आणि कापसाची रुई हवेत उडत असते, तेव्हा आत आल्यावर लेन्स बदलायची नाही. रुई सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोत डाग.

माझा हिशेब तिथल्या तिथे मोडला. आधी लेन्स ठरली, मग तिला चालेल असा कॅमेरा. फिल्मच्या काळातली ५० मिमीची निकॉन लेन्स चाचांकडे पडून होती. निकॉनच्या डी३०००सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांवर ही लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. डी९०मध्ये मोटर आहे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात चाचा माझ्याबरोबर आले, जुने डी९० उलटसुलट करून पाहिले आणि एक निवडला. मला नवा कॅमेरा घेण्याच्या भरीस घातलं असतं तर ओळखीच्या दुकानातून त्यांना चार पैसे सुटले असते. ते मला फार नंतर कळलं.

लेन्सचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. अट घातली: ‘‘ज्याचा फोटो काढशील त्याला आधी विचार, आणि कागदावर छापून त्याच्या हातात दे.’’

डी९०चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे ५० मिमीतून ७५ मिमीएवढंच दिसतं. दोन मागांमधल्या अरुंद वाटेत उभं राहून अख्खा माग कधी मावला नाही. मावले ते तुटलेला धागा जोडणारे हात, कांडी भरणाऱ्याची पाठ, रुईने पांढऱ्या झालेल्या भुवया. धोटा मात्र दरवेळी पुसट यायचा. मी तक्रार केली तेव्हा चाचा म्हणाले, ‘‘तो पळतोच आहे, पळू दे. माणूस नीट येऊ दे.’’ ज्या कारखान्याच्या पगारावर आमचं घर चाललं, तिथली माणसं मी अशी पहिल्यांदा पाहिली. कुणी उत्तर प्रदेशचे, कुणी बिहारचे, कुणी तेलुगू बोलणारे. चाचा त्यांचे फोटो कागदाच्या खर्चात छापून देत, आणि ते फोटो गावी पोस्टाने जात.

२०२०च्या टाळेबंदीत माग थांबले. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला कामगारांची गाडी सुटली. त्याआधी कितीतरी जण चालत निघून गेले होते. काहींचे छापलेले फोटो माझ्याकडेच राहिले. त्यातले थोडे परत आले, तेव्हा दिले. बाकीच्यांचे फोन लागत नाहीत.

आता मिररलेस कॅमेरे आले, आणि ‘कुठला घेऊ?’ असं विचारणारी मुलं अधूनमधून माझ्याकडे येतात. मी त्यांना चाचांचाच प्रश्न विचारतो. पुढचं सांगण्याइतका माझा अधिकार नाही. चाचांनी लेन्सची किंमत लावली ती फोटो पोचवण्यात, आणि राहिलेल्या फोटोंचा गठ्ठा पाहता ती मी अजून पुरती चुकती केलेली नाही.