जेबा की झेबा?

माझ्या वर्गात एक झेबा आहे. उर्दू हजेरीपटावर तिचं नाव 'ज़े'नेच सुरू होतं, अगदी बरोबर. पण पहिलीच्या प्रवेशाला जनरल रजिस्टरमध्ये कुणीतरी 'जेबा' लिहिलं. ऑनलाइन नोंदीत त्यावरून इंग्रजी 'जे' अक्षर आलं. आधारवर मात्र 'झेड'. अम्मीने अर्ज दिला, मंजुरी आली, रजिस्टर दुरुस्त झालं. ऑनलाइन नोंद बदलायचं काम माझं होतं. ते राहून गेलं. नाव जुळत नाही म्हणून शिष्यवृत्तीचा फॉर्म परत आला, तोवर मुदत संपली होती.

अम्मी रागावल्या नाहीत. "टीचर, कागद तर मी वेळेवर दिला होता," एवढंच म्हणाल्या.

माझा भाचा पुण्यात डेटाबेसचं काम करतो. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "खाला, आमचंही रोजचं दुखणं हेच. एका डेटाबेसमधला बदल दुसऱ्यात पोचवायचा कसा? दोन्हीकडच्या सगळ्या नोंदी ताडायच्या तर वेळ फार जातो. नुसती बदलाची तारीख पाहायची, तर पुसलेली नोंद दिसतच नाही."

मग उपाय सांगितला. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक बदल मूळ फाइलमध्ये उतरवण्याआधी एका लॉगमध्ये क्रमाने लिहितो. मायएसक्यूएलमध्येही बदलांची अशी नोंद असते, तिला बिनलॉग म्हणतात. डेबेझियमसारखं सॉफ्टवेअर हा लॉग वाचतं आणि झालेले बदल तेवढे पुढे पाठवतं. मध्येच बंद पडलं, तरी कुठवर वाचलं याची खूण ठेवलेली असते. तिथूनच पुन्हा सुरू होतं.

ही खुणेची गोष्ट मला लागली. कोणतं काम कुठवर आलं, हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता टेबलावर शंभर पानी वही आहे. तारीख, जुनं नाव, नवं नाव, आणि पुढे चार रकाने: रजिस्टर, ऑनलाइन, आधार, बँक. चारही ठिकाणी बरोबरची खूण होईपर्यंत ती ओळ बंद होत नाही.

आपल्या मुलांची नावं उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरतात. तेव्हा पालकांनो, दुरुस्ती झाली की एवढं जरूर विचारा, "अजून कुठे बदलायचं राहिलंय?"

यंदा झेबाचा फॉर्म एका फेरीत मंजूर झाला. गेल्या वर्षीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.