पडद्यावरचा पहिला अलिफ

उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवणारी बाई असेंब्ली भाषेवर लिहिते आहे, हे वाचून काही जण हसतील. हसू द्या. बी.एड.च्या वर्गात मला हे कोणी शिकवलं नव्हतं. शाळेला कुणीतरी मोडीत काढलेले आठ कॉम्प्युटर दिले, त्यांनी शिकवलं. जुने, काचेच्या जाड पडद्याचे. इंटरनेट नाही, हार्ड डिस्क फक्त दोनांची चालू. अशा मशीनवर मुलांना दाखवण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मशीन सुरू होतं कसं.

पालकसभेत एका मुलीचे अब्बा उठून म्हणाले, "टीचर, कॉम्प्युटर को उर्दू आती क्या?" पॉवरलूमवर रात्रपाळी करून थेट आलेला माणूस. प्रश्नात खोच नव्हती, काळजी होती. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचा विचार त्यांच्या घरात चालला होता. दरवर्षी असे चार-पाच दाखले आमच्याकडून जातात. मी म्हणाले, "चचा, उसको अंग्रेजी भी नहीं आती." सभेत हशा पिकला. पण बोलले ते आता सिद्ध करणं भाग होतं.

बटण दाबल्यावर प्रोसेसर आधी बायोसकडे जातो. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये कायमचा भरून ठेवलेला प्रोग्रॅम, फर्मवेअर. आयबीएमने १९८१ साली पीसी काढला तेव्हापासूनची ही रीत. बायोस डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलतो, शेवटचे दोन बाइट ठरलेल्या खुणेचे आहेत का बघतो, आणि तो तुकडा मेमरीत ठेवून कारभार त्याच्या हाती देतो. त्या ५१२ बाइटांत आपण काय लिहायचं ते आपण ठरवायचं. तिथे विंडोज नाही, काही नाही. मदतीला आहे फक्त बायोस.

त्याला हाक मारायची ती 'इंट' या एका शब्दाने. मेमरीच्या अगदी सुरुवातीला २५६ पत्त्यांची एक यादी असते, प्रत्येक पत्ता चार बाइटांचा. पडद्याचं काम सोळाव्या क्रमांकाकडे. 'इंट १६' म्हटलं की प्रोसेसर आपली जागा स्टॅकवर लिहून ठेवतो, सोळा गुणिले चार म्हणजे चौसष्टाव्या बाइटपासूनचा पत्ता वाचतो, तिकडे जातो आणि काम झालं की परत येतो. काय हवं ते आधी रजिस्टरांत ठेवायचं. एएचमध्ये १४ म्हणजे 'एक अक्षर लिही', एएलमध्ये त्या अक्षराचा क्रमांक. ६५ ठेवला तर पडद्यावर कॅपिटल ए.

पण ६५ म्हणजे ए हे ठरवलं कुणी? व्हिडिओ कार्डाच्या रॉममध्ये आठ ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच अशा २५६ चित्रांचा तक्ता असतो. मशीन ६५ नंबरचं चित्र काढून दाखवतं, एवढंच. इंग्रजी म्हणतात ती तिथे चित्रांच्या रूपात बसली आहे, कारण तक्ता भरणाऱ्याने ती भरली. आणि तो तक्ता बदलता येतो. त्याच इंट १६ला एएक्समध्ये हेक्सचे ११०० देऊन, आपली चित्रं कुठे ठेवली आहेत ते सांगायचं. आधी पडद्याचा मोड ठरवायचा आणि मगच चित्रं द्यायची, कारण मोड बदलला की रॉममधला तक्ता पुन्हा येऊन बसतो.

मग आठवीच्या वर्गात आलेखाच्या वह्या निघाल्या. आठ घरं आडवी, सोळा उभी. अलिफ सोपा, प्रत्येक ओळीत मधली दोन घरं काळी, म्हणजे २४. द्विमान पद्धत मी याआधीही शिकवली होती, पण मुलांनी ती इतकी मन लावून कधी केली नव्हती. पहिला शब्द घेतला 'उर्दू'. आमच्या लिपीत त्यात चार अक्षरं, अलिफ, रे, दाल, वाव. गंमत अशी की या चौघांतलं एकही पुढच्या अक्षराला जोडलं जात नाही. आमच्या भाषेचं नाव सुट्या अक्षरांचं आहे हे मी जन्मभर लिहीत आले, पण कधी मनात आलं नव्हतं. बायोस डावीकडून उजवीकडे लिहितो, म्हणून त्याला अक्षरं उलटी द्यायची, वाव आधी आणि अलिफ शेवटी. काळ्या पडद्यावर शब्द उमटला तेव्हा वर्गात जो गलबला झाला, त्याने हेडसर धावत आले.

दुसरा शब्द 'किताब'. यात काफ, ते आणि अलिफ एकमेकांना जोडलेले, बे तेवढी सुटी. पडद्यावर मात्र दर दोन अक्षरांत एका ठिपक्याची फट. झालं असं की चित्र आठ ठिपक्यांचं असलं तरी व्हीजीए कार्ड पडद्यावर नऊ ठिपक्यांची जागा देतं आणि नववा रकाना कोरा सोडतं. इंग्रजी अक्षरांना ती फट शोभते. पण १९२ ते २२३ या क्रमांकांना अपवाद आहे. तिथे चौकटी आखायच्या रेघा असतात, त्या तुटू नयेत म्हणून आठव्या रकान्याची नक्कल नवव्यात उतरते. आमची जुळणारी अक्षरं आम्ही त्या रेघांच्या जागी नेऊन बसवली आणि किताब सांधली गेली! जागा मात्र बत्तीसच. सगळ्या अक्षरांची मधली आणि शेवटची रूपं त्यात मावत नाहीत, एखाद्या ओळीपुरती मावतात. मराठीलाही हा त्रास चुकला नाही. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची.

आता कर्नलची गोष्ट. कर्नल ३२ बिटांच्या संरक्षित अवस्थेत गेला की बायोसचं दार बंद होतं. बायोसचा कोड १६ बिटांच्या जुन्या दुनियेतला, आणि पत्त्यांची ती यादीही आता कोणी वाचत नाही. तिथून इंट १६ म्हटलं तर प्रोसेसर कर्नलच्या स्वतःच्या तक्त्यात बघतो, आणि तो भरलेला नसेल तर मशीन थेट पुन्हा सुरू होतं. म्हणून मेमरी किती, कुठे, हे विचारणं उंबरठा ओलांडायच्या आधी उरकून घ्यायचं. मागे फिरून १६ बिटांत येता येतं, पण ते खटाटोपाचं काम. मला आवडलं ते वेगळंच. एकदा दिलेली चित्रं कार्डाच्या मेमरीत राहतात. दार बंद झाल्यावर कर्नल पडद्याच्या मेमरीत नुसता क्रमांक टाकतो आणि अलिफ दिसतो.

त्या मुलीचे अब्बा एक दिवस बघून गेले. बोट फिरवत त्यांनी दोन्ही शब्द मोठ्याने वाचले. मग हळूच विचारलं, "इससे नौकरी लगती क्या?" मी खरं ते सांगितलं, एवढ्याने नाही. जूनमध्ये त्यांनी दाखला नेला. त्यांच्यावर माझा राग नाही. सोळा ठिपक्यांच्या अलिफवर कुणी पोरीचं आयुष्य तोलावं, असं मी कसं म्हणू? पण उर्दूत शिकलेल्या मुलाला मशीनचं पोट कळत नाही असं कुणी म्हटलं, तर मात्र मी भांडते.

आता शाळेत एक नवं मशीन आलं आहे. त्यात बायोस नाही, यूईएफआय आहे. तिथे इंट नाही. फर्मवेअर आपल्या हाती एक तक्ता देतं, त्यातून पत्ता काढून 'कॉल' करायचं. आरसीएक्स, आरडीएक्स या रजिस्टरांत हवं ते ठेवायचं आणि स्टॅकवर ३२ बाइट मोकळे सोडायचे. मजकूर १६ बिटांच्या अक्षरांत, त्यामुळे अलिफला स्वतःचा क्रमांक आहे, १५७५. मला वाटलं, चला, आता उर्दूला रेघांच्या घरात भाड्याने राहावं लागणार नाही. पण क्रमांक असला म्हणजे चित्र असतंच असं नाही. आमच्या मशीनने अलिफ गाळला आणि फक्त इशारा परत केला, या अक्षराचं चित्र माझ्याकडे नाही.

म्हणून आम्ही फर्मवेअरकडे अक्षर मागणं सोडलं. आता पडद्याच्या ठिपक्यांचा पत्ता तेवढा विचारून घेतो. मग मेमरीचा ताजा नकाशा घेऊन त्याला निरोप द्यायचा. नकाशा शिळा झाला असेल तर तो निरोप घेत नाही. निरोपानंतर घड्याळ, मशीन पुन्हा सुरू करणं अशा मोजक्या सेवा उरतात, पण ठिपके आपले. इथे आठाची चौकट नाही, त्यामुळे नस्तालीकचा उतार धरता येतो. मुलांनी सुरुवात केली आहे बड़ी येपासून. तिची शेपूट उलटी फिरून आख्ख्या शब्दाखाली जाते. जुन्या मशीनवर ती प्रत्येक वेळी कापावी लागायची. परवापर्यंत ती ६४ ठिपके लांब झाली होती, आणि वहीचं पान संपलं म्हणून एकाने दुसरं पान डिंकाने चिकटवलं.