हिंवाळ्यांतील पादत्राण

आमच्या पिढीस पादत्राणाचा विचार फारसा करावा लागला नाहीं. पावसाळ्यांत जुन्या वहाणा, एरवीं नव्या आणि लग्नकार्यास पंपशू, एवढ्यावर आमचें आयुष्य निभावलें. परंतु आतां घरोघरचीं मुलें परदेशीं राहतात, आणि आमच्यासारख्या सेवानिवृत्त माणसांस भर हिंवाळ्यांत त्यांजकडे जाण्याचा प्रसंग येतो. म्हणून स्वतःच्या मूर्खपणाची ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

दोन वर्षांपूर्वीं जानेवारींत आम्ही चिरंजीवांकडे टोरांटोस गेलों होतों. सूनबाईंनीं आणलेले बूट आम्हांस ढगळ वाटले. "जोडा पायाशीं घट्ट असावा, म्हणजे वारा शिरत नाहीं," असा सिद्धान्त सांगून आम्हीं ते परत करविले, आणि स्वतः दुकानांत जाऊन बेताचे, देखणे चामडी बूट निवडले. वर त्यांत सुती मोज्यांचे दोन जोड कोंबले. दुसऱ्या दिवशीं नातवास शाळेच्या गाडीपर्यंत पोंचविण्यास निघालों. थंडी शून्याखालीं १८ अंश. त्यांत गाडीस उशीर. प्रथम पायांचीं बोटें ठणकूं लागलीं. कांहीं वेळानें ठणका थांबला. पायांस थंडीची संवय झाली असें समजून आम्ही उलट प्रसन्न झालों!

घरीं येऊन मोजे काढले, तों डाव्या पायाचा अंगठा मेणासारखा पांढरा आणि निर्जीव. आम्ही तो विजेच्या शेगडीपुढें धरणार, इतक्यांत सूनबाईंनीं अडविलें. "बाबा, बधिर पायाला चटका बसलेला कळत नाहीं. आणि चोळूंहि नका." तिनें ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यांत पाय ठेवविला. संवेदना परत आली तेव्हां आमच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. पुढें अंगठ्यास फोड आले. आम्हांस मधुमेह आहे. आणखी थोडा वेळ उभे राहिलों असतों तर अंगठा गमवावा लागता, असें डॉक्टर म्हणाले.

अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही हा विषय विद्यार्थ्याप्रमाणें शिकलों. बूट ऊब निर्माण करीत नाहीं. ऊब शरीराची, ती रक्त पायापर्यंत आणतें, आणि बूट केवळ राखणदार. राखण होते ती अस्तरांत व मोज्यांत अडकलेल्या स्थिर हवेनें. घट्ट बुटांत ही हवा दबते आणि रक्ताचीहि वाट अडते. सुती मोजा घामानें भिजून पायाची ऊब ओढून नेतो. लोंकर दमट झाली तरी बरीच ऊब राखते. १९११ सालीं दक्षिण ध्रुवावर प्रथम पोंचलेल्या आमुंडसेनच्या मंडळीनें निघण्यापूर्वींच्या हिंवाळ्यांत आपले बूट उसवून मोठे करून घेतले, तें याच कारणास्तव.

तेव्हां निवड करावी ती अशी. संध्याकाळीं, पाय किंचित् फुगलेले असतां, जाड लोंकरी मोजा चढवून बूट घालून पाहावा. आंत बोटें मोकळीं हलावींत, टाच मात्र उचलूं नये. अस्तर काढून रात्रीं वाळवितां आलें तर उत्तम. तळ जाड हवा, कारण गोठलेली जमीन खालून ऊब ओढते. खोक्यावर छापलेल्या अंशांवर विसंबूं नये. चालणाऱ्याचा पाय आणि उभ्या माणसाचा पाय सारखा ऊबदार राहत नाहीं.

ऊब साधली तरी काम अर्धेंच होतें. उतारवयांत बर्फावर पडणें म्हणजे खुब्याचें हाड मोडून घेणें. टोरांटोच्या पुनर्वसन संस्थेनें ९८ प्रकारचीं हिंवाळी पादत्राणें बर्फाच्या उतारावर माणसें चालवून तपासलीं, आणि त्यांचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध केला. ७ अंशांच्या उतारावर टिकण्याची किमान कसोटी उतरलीं तीं अवघीं ९! केवळ तळाच्या खांचा पाहून भागत नाहीं. रबर कडक थंडींतहि मऊ राहणारें आणि बर्फ धरणारें हवें.

पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस "समजलें नाहीं तर विचारा" असें बजाविलें, आणि स्वतः मात्र न विचारतां जोडा घेतला. अंगठ्याचें नख अद्याप वांकडें उगवतें. सूनबाईंनीं तेच ढगळ बूट पुन्हां आणले. बाकीचा हिंवाळा आम्हीं त्यांतच काढला. ज्यांस तिकडे जावयाचें असेल त्यांनीं तेथील माणसाचा सल्ला घ्यावा, मग तो माणूस वयानें लहान कां असेना.