कीर्ती आणि आदर

कीर्ती आणि आदर हे दोन शब्द व्यवहारात बहुधा एकत्रच वावरतात. त्यामुळे त्यांच्यातील अंतर सहसा जाणवत नाही. कीर्ती दुरूनही ऐकू येते आणि तिला पुरावा म्हणून एखादा विजय पुरतो. आदराला मात्र जवळून पारख लागते. आणि ज्याला आदर द्यायचा त्याने अडचणीच्या वेळी काय केले, हे ठाऊक असावे लागते. व्यक्तीइतकेच संस्थेलाही हे लागू पडते. एखाद्या संस्थेच्या आयुष्यात कीर्ती आणि आदर यांची फारकत कशी होते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतीय वाचकाच्या मनात ‘फुटबॉल’ या शब्दाने जो खेळ उभा राहतो, तो हा नव्हे. येथे चेंडू लंबगोल असतो, तो मुख्यतः हातांनी नेला वा फेकला जातो, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगावर झेपावून जमिनीवर पाडणे हा खेळाचा गाभाच मानला जातो. कबड्डीतील पकड ज्याने पाहिली आहे, त्याला याची थोडीफार कल्पना करता येईल. मात्र येथे खेळाडू डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांना जाड आवरण बांधून भर वेगात परस्परांवर आदळतात. शरद ऋतूतील शनिवारी हे सामने पाहायला लोटणारी गर्दी आपल्याकडील एखाद्या यात्रेची आठवण करून देईल. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सार्वजनिक सेवेतील सर्वाधिक वेतन राज्याच्या गव्हर्नरला मिळत नाही. ते राज्याच्या विद्यापीठातील फुटबॉल प्रशिक्षकाला मिळते. ज्ञानाच्या उपासनेसाठी स्थापन झालेल्या संस्थेत एखादा खेळ इतका मोठा होतो, तेव्हा त्याला आदर कोणत्या निकषावर द्यावा, हा प्रश्न केवळ क्रीडेचा राहत नाही.

शिकागो विद्यापीठाचा इतिहास या प्रश्नाच्या मुळाशी नेतो. १८९२ साली या विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, तेव्हाच पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी एमॉस अलॉन्झो स्टॅग या तरुण प्रशिक्षकाला अध्यापकवर्गात कायमचे स्थान देऊन आणले होते. नव्या विद्यापीठाचे नाव देशभर व्हावे, ही हार्पर यांची महत्त्वाकांक्षा होती आणि फुटबॉल हे त्याचे एक साधन होते. साधन अपेक्षेपेक्षा अधिक उपयोगी ठरले. स्टॅग यांनी एकेचाळीस हंगाम संघाची धुरा वाहिली. १९०५ साली छप्पन सामने अपराजित राहिलेल्या मिशिगनला शिकागोने अवघ्या दोन गुणांनी, २–० असे हरवले, तेव्हा त्या विजयाचा गाजावाजा देशभर झाला.

त्याच १९०५ सालाला दुसरीही एक बाजू आहे. त्या काळात मैदानावरील दुखापतींनी इतके तरुण दगावत होते, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळाला शिस्त लावण्याविषयी बोलावे लागले. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्याला मुभा मिळाली आणि खेळाडूंची एकाच जागी होणारी जीवघेणी गर्दी काहीशी पांगली. आज महाविद्यालयीन क्रीडेवर नियंत्रण ठेवणारी राष्ट्रीय संघटनाही १९०६ साली याच खळबळीतून जन्माला आली. शिकागोच्या कीर्तीचे वर्ष आणि या खेळाच्या इतिहासातील लांच्छनाचे वर्ष एकच असावे, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. विजयाचे मोल ज्या वेगाने वाढत होते, त्याच वेगाने खेळाडूच्या जिवाचे मोल उतरत होते.

१९२९ साली रॉबर्ट मेनार्ड हचिन्स वयाच्या तिसाव्या वर्षी शिकागोचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी कार्नेगी प्रतिष्ठानचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि खेळाडूंना आडमार्गाने पैसे देणे, त्यांना आमिषे दाखवून प्रवेश देणे हे प्रकार किती विद्यापीठांत रुजले आहेत, हे जगापुढे आले. हचिन्स यांचा रोख स्पष्ट होता. १९३८ साली ‘गेट रिसीट्स अँड ग्लोरी’ या लेखात त्यांनी सुचवले, की सामन्याचे तिकीट दहा सेंटांवर आणावे आणि प्रशिक्षकाची नोकरी जयापजयावर टांगून ठेवू नये. पैसा काढून घेतला की खेळ उरेल, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. शिकागोच्या जे बर्वँगरला १९३५ साली सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार मिळाला होता. आज हाइझमन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुरस्काराचा तो पहिलाच मानकरी. तरीही चारच वर्षांनी, १९३९ साली, त्याच्या विद्यापीठाचा संघ मिशिगनकडून ८५–० असा हरला. हार्वर्ड आणि ओहायो स्टेट यांनीही प्रत्येकी ६१–० असा पराभव केला. त्या वर्षीच्या डिसेंबरात विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला.

रिकाम्या झालेल्या त्या मैदानाचे पुढे जे झाले, ते कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर अतिरंजित वाटले असते. २ डिसेंबर १९४२ रोजी प्रेक्षागाराच्या पश्चिमेकडील भागाखाली असलेल्या एका बंदिस्त कोर्टात एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रित अण्वीय साखळी प्रक्रिया प्रथमच घडवून आणली. कालांतराने मैदान पाडण्यात आले आणि १९७० साली त्या जागी रेगनस्टाइन ग्रंथालय उघडले. दक्षिण आशियातील भाषांचा जो मोठा संग्रह तेथे आहे, त्यात मराठीही आहे. मोल्सवर्थचा मराठी कोश आज जगात कोणालाही घरबसल्या पाहता येतो, तोही याच विद्यापीठाने सिद्ध केलेल्या संगणकीय रूपात.

तेव्हा फुटबॉल बंद करणारे विद्यापीठच काय ते आदरास पात्र, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ८५–० अशा पराभवानंतर खेळ सोडण्यात धैर्य किती आणि सोय किती, हे सांगणे अवघड आहे. शिवाय खेळ बंद केल्याने खेळाडूशी कसे वागावे, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रश्न तेवढा टळतो. शिकागोलाही हे उमगले असावे. १९६९ साली तेथे फुटबॉल पुन्हा अधिकृतपणे सुरू झाला, पण लहान प्रमाणावर. खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या विद्यापीठांच्या गटात हा संघ आज खेळतो. त्याच्या सामन्यांची बातमी दूरवर जात नाही. पण मैदानात उतरणारा मुलगा तेथे आधी विद्यार्थी असतो आणि मग खेळाडू.

कीर्तीसाठी देहावर उदार होणे ही कल्पना जुनी आहे, आणि ती हीन तर मुळीच नाही. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात कवचकुंडले मागायला येईल, असे सूर्याने वनपर्वात बजावूनही कर्ण जिवापेक्षा कीर्तीलाच मोठी मानतो. इलियडमधील अकिलीसपुढेही दीर्घायुष्य आणि अक्षय कीर्ती असे दोन मार्ग असतात. दोन दूरच्या परंपरांनी एकच पेच कल्पिला, यात नवल नाही. पण या दोन्ही वीरांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे: किंमत ज्याने मोजली, कीर्तीही त्याचीच झाली. विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये हे गणित बिघडते. देह खेळाडूचा झिजतो. कीर्ती विद्यापीठाला, तिकिटाचा पैसा तिजोरीला आणि बढती प्रशिक्षकाला मिळते. कवचकुंडले एकाने उतरवून द्यायची आणि दानशूर म्हणून दुसऱ्याने मिरवायचे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून येथे आदराचा निकष एकच असू शकतो: ज्याच्या जिवावर कीर्ती उभी राहते, त्याला संस्थेने काय दिले, आणि त्याच्यासाठी वेळप्रसंगी काय सोडले?

द्यायची पहिली गोष्ट म्हणजे विद्या. तिच्या बाबतीत झालेली फसवणूक सर्वांत वाईट. कारण ती उघडकीस येईपर्यंत फसवला गेलेला विद्यार्थी स्वतःला भाग्यवान समजत असतो. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अठरा वर्षे काही अभ्यासक्रम केवळ कागदावर चालत असल्याचे २०१४ सालच्या स्वतंत्र चौकशीत निष्पन्न झाले. वर्ग भरत नसत; एक निबंध सादर केला की घसघशीत गुण मिळत आणि ते देण्याचे काम प्राध्यापकाऐवजी कार्यालयातील कर्मचारी करी. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी हे अभ्यासक्रम घेतले होते. त्यांतील जवळजवळ निम्मे खेळाडू होते. राष्ट्रीय संघटनेने २०१७ साली काय ठरवावे? हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांना खुले असल्याने खेळाडूंना खास सवलत दिल्याचा नियमभंग सिद्ध होत नाही! नियमाच्या चौकटीत सारे बसले. पण ज्याच्या हाती पदवी आली आणि विद्या आली नाही, त्याचा हिशेब कोणत्या चौकटीत बसवायचा?

दुसरी गोष्ट म्हणजे देहाची काळजी. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूची कालांतराने जी हानी होते, तिच्याकडे आता डोळेझाक करता येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन स्तरापर्यंत खेळलेल्या त्रेपन्न दिवंगत खेळाडूंच्या मेंदूंपैकी अठ्ठेचाळीस मेंदूंत या विकाराची लक्षणे आढळली. हे मेंदू बहुतांशी ज्यांना शंका होती अशा कुटुंबांनी दान केलेले होते. तेव्हा या आकड्यावरून सर्व खेळाडूंविषयी अनुमान काढणे योग्य नव्हे. तथापि ज्याला दुर्लक्षच करायचे आहे, त्यालाही आता अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.

याबाबतीत डार्टमथ महाविद्यालयाचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. २००८ साली त्यांचा संघ दहाच्या दहा सामने हरला. अशा वेळी प्रशिक्षक साहजिकच सराव अधिक कठोर करतो. बडी टीव्हन्स या प्रशिक्षकांनी मात्र २०१० साली सरावात खेळाडूंनी परस्परांना पाडणे बंदच केले. मुले गादीच्या पुतळ्यांवर झेप घेण्याचा सराव करू लागली. पुढे तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मैदानावर धावणारा यांत्रिक पुतळा तयार केला. सरावात जे केले नाही ते सामन्यात कसे जमणार, ही शंका रास्त होती. पण २०१५ साली संघाने आपल्या गटाचे विजेतेपद इतर दोघांबरोबर विभागून मिळवले, आणि २०१६ साली त्या गटातील आठही विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी हंगामातील सरावापुरता हाच नियम एकमताने स्वीकारला. ते विजेतेपद मिळाले नसते तरी टीव्हन्स यांचा निर्णय तितकाच आदरणीय राहिला असता. कारण तो घेतला तेव्हा पदरी जमा अशी काहीच नव्हती.

तिसरी गोष्ट पैशाची. २०२१ सालापासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. यात न्याय आहे हे नाकारता येणार नाही. जे पूर्वी लपवून दिले जाई, ते आता उघडपणे आणि हक्काने मिळते. तरी मोबदला दिला की ऋण फिटले, असे समजणारी संस्था विद्यापीठ हे नाव विसरलेली असते. विद्यार्थ्याशी असलेले नाते मालक-नोकराच्या नात्याहून मोठे आहे, म्हणून तर त्याच्या छातीवर विद्यापीठाचे नाव असते.

आणि सरतेशेवटी त्यागाचा प्रश्न उरतो. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. हंगामाच्या शेवटी होणाऱ्या प्रतिष्ठेच्या सामन्यांचे निमंत्रण येणे क्रमप्राप्त होते, आणि विद्यापीठाची आर्थिक स्थिती पाहता ते उत्पन्न अत्यावश्यकही होते. दक्षिणेतून निरोप आला, की संघातील ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून येत असाल तर या. देशातील शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरायला तेव्हा अजून अडीच वर्षे अवकाश होता. नकार दिल्याबद्दल वाहवा मिळेल असा तो काळ नव्हता. संघाने नकार दिला. निमंत्रण गेले, पैसा गेला आणि त्या हंगामानंतर विद्यापीठाला खर्च न झेपल्याने फुटबॉलच बंद झाला. एकही सामना न हरलेला हा संघ असा विसर्जित झाला.

मॅट्सन पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून नावारूपाला आले. टोलर यांच्या नशिबी ते नव्हते. १९५२ साली गुडघ्याला झालेल्या दुखापतीने त्यांचे खेळणे कायमचे थांबले. १९६५ साली ते व्यावसायिक फुटबॉलमधील पहिले कृष्णवर्णीय सामनाधिकारी झाले. पण त्यांची रोजची उपजीविका शिक्षकाची होती. गुडघा निकामी झाल्यावरही त्यांच्याजवळ विद्या होती, आणि तिच्याच बळावर ते सॅन फ्रान्सिस्कोत एका शाळेचे मुख्याध्यापक झाले.